एफवरची वेलांटी

१९९४ च्या गणपतीनंतर आमच्या प्रेसमधले छपाईच्या अक्षरांचे खिळे विकले गेले. नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर प्रेस होता. मालकांनी जुनं ऑफसेट मशीन ठरवलं होतं आणि खिळ्यांच्या केसा हलवल्याशिवाय ते ठेवायला जागा नव्हती. भंगारवाल्यानं तराजू दारातच मांडला. खिळे म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील, त्यामुळे लोखंडापेक्षा भाव बरा मिळाला.

आमचे जुळारी अण्णा तीस वर्षं त्याच केसांसमोर उभे राहिलेले. त्या सकाळी एका लग्नपत्रिकेचं मॅटर दोऱ्यानं बांधलेलं गॅलीत पडून होतं. अण्णांनी दोरा सोडला आणि एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायला लागले. क कच्या खान्यात, काना कान्याच्या, वरच्या मात्रांचे बारीक तुकडे त्यांच्या त्यांच्या कप्प्यात. अर्धा तास तरी गेला असेल. भंगारवाला बिडी ओढत उभा. शेवटचा खिळा पडला तेव्हा अण्णांनी केस दोन्ही हातांनी उचलली आणि सगळे खाने गोणीत पालथे केले.

मी म्हटलं, "अण्णा, गोणीतच जायचं होतं ना? मग मॅटर सोडत कशाला बसलात?"

"मॅटर सोडल्याशिवाय केस बंद करायची नसते," ते म्हणाले आणि पुढची केस उचलली.

मी चोवीस वर्षांची होते. मनात आलं, माणूस जुन्यात अडकला की असा अर्धा अर्धा तास वाया घालवतो.

प्रेसमध्ये मी १९९१ मध्ये लागले. मराठी टायपिंगच्या तीस आणि चाळीस शब्दांच्या दोन्ही परीक्षा पास होते, आणि मालकांना काँप्युटरवर बसणारं कुणीतरी हवं होतं. तेव्हा काँप्युटर म्हणजे काय हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण किल्ल्यांची मांडणी टाइपरायटरचीच निघाली. डीवर क, केवर काना, जेवर र, ईवर म. बोटांना नवं काही शिकायचं नव्हतं. आठ दिवसांत मी पानं काढायला लागले. दिवसाकाठी अण्णा जेवढी जुळणी करायचे तेवढी मी जेवणाच्या सुट्टीआधी संपवायची. दुरुस्ती आली की अण्णांना ओळ उकलून पुन्हा बसवावी लागायची, मला दोन किल्ल्या दाबायच्या असायच्या. बटर पेपरवर प्रिंट काढून ती प्लेट करायला पाठवायची की काम संपलं.

अण्णा पडद्याकडे बघायचे नाहीत. "अक्षर हाताला लागलं पाहिजे," म्हणायचे. "ही दिव्याची सावली. वीज गेली की संपलं." त्यांच्या लेखी अक्षर म्हणजे धातू. वजन असलेली, उलटी कोरलेली, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये अंगठ्यानं दाबून धरायची वस्तू. तिच्याशिवाय छपाई असू शकते हे त्यांना पटतच नव्हतं.

आणि हेच अण्णा छपाईच्या जुन्या गोष्टी मोठ्या प्रेमानं सांगायचे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं, तेव्हा छापलेल्या पोथीला हात लावायला लोक तयार नव्हते. शाईत चरबी असते, विटाळ होतो. मग त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. अण्णांना त्या लोकांची फार कीव यायची. "अरे, अक्षर तेच ना? तुपात काय नि तेलात काय!" म्हणायचे. मी खुर्चीत बसून ऐकायची. आज ते आठवलं की जाणवतं, दुसऱ्याची विटाळाची कल्पना आपल्याला किती स्वच्छ दिसते. स्वतःची मात्र कल्पना म्हणून दिसतच नाही. ती आपल्याला कामाची शिस्त वाटते.

मालकांनी अण्णांना काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांना प्रुफं वाचायला बसवलं. सुरुवातीला अण्णा ते मन मारून करायचे. पण पंधरा-वीस दिवसांत मला एक गोष्ट दिसायला लागली. प्रूफ वाचून झालं की ते पान उलटं, डोकं खाली करून धरायचे आणि हात लांब करून बघत राहायचे. मी विचारल्यावर म्हणाले, "वाचायचं नसलं की फटी दिसतात." मग पेन्सिलीनं पानावर खुणा. या ओळीत शब्द फाटलेत. इथे पाच ओळींमधून पांढरा ओहोळ वाहतोय. या परिच्छेदाची शेवटची ओळ एकाच शब्दाची झालीय, ती वर घे. काँप्युटर ओळ दोन्हीकडून सरळ करण्यासाठी शब्द ताणायचा, आणि मी ते ताणलेलं तसंच जाऊ द्यायची, कारण माझ्या दृष्टीनं पान भरलं होतं. अण्णांनी खिळ्यांच्या मधे कागदाएवढ्या पातळ पट्ट्या सरकवून तीस वर्षं त्या फटी सांभाळल्या होत्या. ती नजर त्यांनी मला दिली, रोज थोडी थोडी, खुणा करून.

म्हणजे अण्णांच्या मनात दोन गोष्टी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एक फटी ओळखणारी नजर, दुसरी अक्षर म्हणजे धातू ही समजूत. धातू गेला तेव्हा त्यांना वाटलं सगळंच गेलं. मलाही तेव्हा या दोन वेगळ्या करता आल्या नाहीत. मी त्यांची नजर घेतली आणि समजुतीवरून त्यांना मनातल्या मनात म्हातारं ठरवलं. २००३ मध्ये ते गावी गेले. जाताना त्यांची जुळणीची स्टिक माझ्या टेबलावर ठेवून गेले. ती अजून पेपरवेट म्हणून वापरते.

पुढची दहा वर्षं माझी होती, असं म्हणायला हरकत नाही. मालकांचे चिरंजीव धंदा बघायला लागले, छपाई बाहेरून करून घ्यायला लागले आणि आमच्याकडे नुसतं अक्षरजुळणीचं आणि पानं लावण्याचं काम राहिलं. माझ्या हाताखाली तीन मुली होत्या. पुण्यातले, सांगलीचे, नागपूरचे प्रकाशक दिवाळी अंकाच्या हंगामात माझ्या नावानं फोन करायचे. माझं सगळं काम एकाच मराठी सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याचं लॉक काँप्युटरला मागून लावायचं, लॉक नसेल तर अक्षर उमटायचं नाही. त्याचे चाळीसेक फॉन्ट मला तोंडपाठ होते. कोणता फॉन्ट कवितेला, कोणता कायद्याच्या पुस्तकाला, कोणता म्हाताऱ्या वाचकांसाठी, हे मी न बघता सांगायची.

याच काळात युनिकोडचं नाव कानावर यायला लागलं. मी नोकरीला लागले त्याच १९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यात देवनागरी होती, हे मला वीस वर्षांनी कळलं. मला फक्त एवढं दिसायचं की कुणीतरी ईमेलनं मराठी मजकूर पाठवतो, आणि तो माझ्या पानात टाकला की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

माझे आक्षेप ठरलेले होते आणि ते सगळे खोटे नव्हते. काँप्युटरबरोबर आलेल्या फॉन्टमधला ल हिंदी वळणाचा. मराठी पुस्तकात तसा ल मी जाऊ देणार नव्हते. ऱ्य नीट उमटायचा नाही, त्याच्या जागी रफार यायचा, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना थेट आचार्यांची पदवी. पानं लावायचं आमचं सॉफ्टवेअर तर युनिकोड घ्यायलाच तयार नव्हतं. "हे चॅटिंगला ठीक आहे, पुस्तकाला नाही," असं मी प्रकाशकांना सांगायची. आणि ते ऐकायचे, कारण मी सांगत होते.

आता लिहिताना सगळ्यात लाज वाटते ती एका कामाची. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी बाईंनी कादंबरी लिहिली होती. सगळी युनिकोडमध्ये, स्वतः टाइप केलेली, स्वच्छ. अडीचशेच्या आसपास पानं. मी त्या फाइलची प्रिंट काढली, तीन मुलींमध्ये वाटली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा टाइप करायला लावली. दीड महिना. त्यात आमच्या नव्या चुका झाल्या, त्यांची प्रुफं बाईंना गेली, त्यांनी आपल्याच मूळ शब्दांच्या दुरुस्त्या आम्हाला पाठवल्या. मी याला काळजीपूर्वक काम म्हणत होते. मुलींपैकी एक म्हणाली होती, "ताई, हे सगळं त्यांनी एकदा केलंय ना?" मी तिला गप्प केलं.

माझं मत बदललं ते एका दुपारी, आणि बदलणारा मुलगा विशी-बाविशीचा होता.

मार्च महिना होता. स्पर्धा परीक्षांचं महाराष्ट्राच्या इतिहासावरचं एक पुस्तक आम्ही जुळवलं होतं, बरंच खपलं होतं. प्रकाशकांचा फोन आला, एक अंध विद्यार्थी पुस्तकाची फाइल मागतोय, काँप्युटरवर ऐकायला. ते आधी कचरत होते. फाइल बाहेर गेली आणि कुणी छापलं तर? पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलायला मोकळीक झाली होती, हे त्या मुलानंच त्यांना समजावून सांगितलं होतं. कलमासकट. प्रकाशक म्हणाले, द्या. मी फाइल पेनड्राइव्हवर घालून दिली. चार दिवसांनी तो मुलगा मित्राचा हात धरून आमच्याकडे आला.

"मॅडम, यात मराठी नाहीये," तो म्हणाला.

मला राग आला. माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर पहिलं पान होतं, मीच लावलेलं. मोठ्या अक्षरात शीर्षक, पहिलाच शब्द 'मराठी'. मी म्हटलं, आहे की, तुमच्या काँप्युटरमध्ये फॉन्ट नसेल. त्यानं वाद घातला नाही. लॅपटॉप उघडला, इयरफोनची पिन काढली म्हणजे मलाही ऐकू येईल, आणि फाइलच्या सुरुवातीला जाऊन बाणाची किल्ली एकेकदा दाबायला लागला. एनव्हीडीए नावाचं वाचून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर होतं ते. त्यातला इंग्रजी आवाज एकेक अक्षर बोलायला लागला.

"ई. जे. के. बी. एच."

तो थांबला. खोलीत कुणी काही बोललं नाही. मला मात्र ते ऐकताक्षणी कळलं होतं. डोक्याला नाही, बोटांना. ईवर म, जेवर र, केवर काना, शिफ्ट धरून बीवर ठ, एचवर दीर्घ वेलांटी. मराठी. वीस वर्षं मी हा शब्द असाच लिहीत आले होते. जगात हा आवाज ऐकून 'मराठी' असं समजणारी माणसं म्हणजे माझ्यासारखे टायपिस्ट. आणि ज्याला पुस्तक वाचायचं होतं त्याच्या कानावर पाच इंग्रजी अक्षरं पडत होती. चारशे पानं, अशीच.

तो म्हणत होता ते खरं होतं. त्या फाइलमध्ये मराठी नव्हतं.

मला वाटायचं मी काँप्युटरमध्ये क लिहिते. मी डी लिहीत होते. फॉन्ट त्या डीला क चा मुखवटा चढवायचा. कागदावर मुखवटाच छापायचा असतो, त्यामुळे वीस वर्षं कुणाचं काही अडलं नाही. पण मुखवट्याच्या मागे अक्षर नव्हतं. म्हणून माझ्या फाइलमध्ये मराठी शब्द शोधता येत नव्हता, दुसऱ्या काँप्युटरवर उघडता येत नव्हता, अकारविल्हे लावता येत नव्हता. शब्दसूची करायची असली की मी मुलींना कागदाच्या चिठ्ठ्या करायला लावायची. या सगळ्या अडचणी मला रोज भेटत होत्या आणि मी त्यांना धंद्याचा भाग समजत होते. युनिकोडमध्ये म हा म म्हणून साठवलेला असतो. त्याला कोणता वेश चढवायचा तो नंतरचा प्रश्न. बघणाऱ्याला तो दिसतो, ऐकणाऱ्याला ऐकू येतो, शोधणाऱ्याला सापडतो.

त्या रात्री अण्णांची आठवण येणं साहजिक होतं. ते म्हणायचे अक्षर हाताला लागलं पाहिजे. मी म्हणत होते अक्षर डोळ्याला दिसलं की झालं. मी अण्णांच्या एक पायरी पुढे आले होते आणि तिथेच जिना संपला असं धरून चालले होते. मला वाटतं, पहिल्यांदा बदलणं त्या मानानं सोपं असतं, कारण तेव्हा आपण दुसऱ्याचं जुनं टाकतो. माझ्या तरुण हातांना खिळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. दुसऱ्यांदा जे टाकायचं ते मी स्वतः मिळवलेलं होतं. चाळीस फॉन्ट, मुलींचा विश्वास, प्रकाशकांचे फोन. नवं शिकल्याचा अनुभव गाठीशी आहे म्हणून आपण नव्याला तयार आहोत, असा माझा समज होता, आणि त्या समजुतीपायी दहा वर्षं गेली.

दुसऱ्या दिवशी ज्या मुलीला मी गप्प केलं होतं तिच्याच शेजारी खुर्ची ओढून बसले. तिला इनस्क्रिप्ट येत होतं.

युनिकोडसाठी टाइपरायटरचीच मांडणी ठेवायची सोयही मिळते, आणि पुष्कळ जुने टायपिस्ट तीच वापरतात. त्यात कमीपणा नाही. पण मला मुळापासून बघायचं होतं. इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये ठरलेली मांडणी. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि कन्नडमध्ये लिहा की गुजरातीत, क त्याच किल्लीवर. ज्यानं ही रचना केली त्यानं बाराखडी समोर ठेवली होती. टाइपरायटरच्या रचनेत यंत्राची सोय आधी होती.

पहिला महिना फार वाईट गेला. माझं बोट क साठी डीवर जायचं. इनस्क्रिप्टमध्ये डीवर हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण. 'काम' लिहायला जुन्या सवयीनं डी, के, ई दाबलं की पडद्यावर आधी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ यायचं, त्याच्याखाली लोंबणारा पाय, आणि मग 'का'. म कुठेच नाही. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झालेली मी, मिनिटाला सहा शब्द लिहीत होते. हंगामाचे दिवस असते तर मी सोडून दिलं असतं. मनगट दुखायचं नाही, पण दंडापासून हात जड व्हायचा, जणू दुसऱ्याचा.

काही किल्ल्या मात्र जुन्या जागी सापडल्या. र जेवरच होता. आणि ऱ्हस्व वेलांटी एफवरच.

वेलांटीची ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, म्हणून जरा थांबून सांगते. टाइपरायटरवर 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. कारण कागद एका दिशेनं सरकतो आणि वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, ती आधीच उमटवून ठेवावी लागते. अण्णाही स्टिकमध्ये वेलांटी आधी बसवायचे. त्यामुळे 'किती' लिहिताना मी तोंडानं किती म्हणायची आणि बोटं आधी इ, मग क असं करायची. हे उलटं आहे असं कधी मनातही आलं नाही. इनस्क्रिप्टमध्ये आधी क दाबायचा, नंतर एफ. पडद्यावर क उमटतो, आणि एफ दाबला की वेलांटी त्याच्या डावीकडे जाऊन बसते, आपोआप. आपण ज्या क्रमानं बोलतो त्या क्रमानं लिहायचं. दिसण्याची काळजी यंत्र घेतं. किल्ली तीच, बोट तेच, डाव्या हाताची तर्जनी. फक्त क्रम फिरला. मला तो फिरवायला तीन आठवडे लागले. एका संध्याकाळी 'विनिमय' हा शब्द न अडखळता गेला तेव्हा मी उठून त्या मुलीला अमृततुल्यमध्ये चहाला घेऊन गेले.

आक्षेपांचं म्हणाल तर ते एकेक करून सुटले, किंवा त्यांच्या सुटण्याची खबर मी कधी घेतलीच नव्हती. 'दुसऱ्या'तला ऱ्य काढायला वेगळा ऱ आहे, शिफ्ट धरून जे. तो तिथे पूर्वीपासून होता, मी विचारलं नव्हतं. पाकळीचा ल आणि देठाचा श यांबद्दल शासनानं २००९ च्या नोव्हेंबरात निर्णय काढला होता, आणि मराठी वळणाचे युनिकोड फॉन्ट तोवर यायला लागले होते. पुढे तर सुंदर सुंदर फॉन्ट मोफत मिळायला लागले. पानं लावायचं सॉफ्टवेअरही २०१२ नंतर देवनागरी नीट घ्यायला लागलं. एक तक्रार मात्र माझी अजून आहे. ओळ भरताना शब्द कुठे तोडायचा हे यंत्राला मराठीत अजून नीट कळत नाही, आणि शब्द तसेच फाटतात. तिथे मी पान उलटं धरते.

मग जुन्या फाइलींचं काय करायचं हा प्रश्न आला. वीस वर्षांची तीनशेच्या वर पुस्तकं. काही फ्लॉपीवर होती, त्या उघडल्याच नाहीत. काही सीड्यांवर, त्यातल्या निम्म्या चरे पडून गेलेल्या. जी पुस्तकं जुन्या हार्डडिस्कवर होती त्यांना ते एकच लॉक लागायचं, आणि लॉक जाईल त्या दिवशी तीही गेली असती. मालकांचे चिरंजीव म्हणाले, "कशाला? ज्याची नवी आवृत्ती निघेल त्याचं बघू." व्यवहारात ते बरोबर होतं. मी म्हटलं, मी कामाची वेळ संपल्यावर करीन. एकेक पुस्तक उघडायचं, जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढायचं, सहज डोळ्यात येतील त्या चुका दुरुस्त करायच्या, लेखकाचं नाव मराठीत देऊन ठेवायचं. दोन वर्षांच्या वर चाललं ते. मॅटर सोडल्याशिवाय केस बंद करायची नसते, हे अण्णांचं वाक्य त्या दिवसांत माझ्या बरोबर असायचं. गोणीत जाणार हे ठाऊक असूनही त्यांना कच्या खान्यात क टाकावासा का वाटला असेल, ते मला संध्याकाळी सात वाजता रिकाम्या ऑफिसात बसून थोडं थोडं कळत गेलं.

यादीत पहिलं पुस्तक अर्थातच त्या मुलाचं घेतलं होतं. कन्व्हर्टरनं काढून दिलेल्या चारशे पानांवर मी, दोन मुली आणि प्रकाशकांचे मुद्रितशोधक, अशी चार जणांची नजर फिरली. मे महिन्यात फाइल त्याला पाठवली. आठवड्यानं त्याचा फोन आला. आभार मानायला केलाय असं वाटलं. ते त्यानं मानलेच, पण पुढे म्हणाला, "मॅडम, एक विचारू? संयुक्त महाराष्ट्राच्या प्रकरणात 'निमिर्ती' असा काही शब्द आहे का?"

मी म्हटलं नाही, निर्मिती असेल.

"मला निमिर्ती ऐकू येतंय. बऱ्याच ठिकाणी."

पान उघडून बघितलं. 'निमिर्ती'. रफार मि वर हवा तो पुढच्या ती वर जाऊन बसला होता. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर यायचा, कन्व्हर्टरनं तो उचलून अक्षराच्या आधी न्यायचा असतो, आणि अक्षराला वेलांटी असली की तिथे त्याची गफलत होते. शब्दावरून नजर फिरवली तर रफार आहे, वेलांट्या आहेत, निर्मितीच वाचलं जातं. आम्ही चौघांनी ते तसंच वाचलं होतं. अण्णांनी पान उलटं धरूनही ते त्यांना दिसलं नसतं, कारण फटी बरोबर होत्या. ही चूक कानालाच सापडणारी होती.

"अजून कुठे कुठे आहेत, सांगता?" मी विचारलं.

त्यानं टिपून ठेवल्या होत्या. सतरा. पानाचा आकडा, मग शब्द. तो एकेक सांगत गेला, फोन खांद्याशी धरून मी एकेक जागा काढत गेले. व्ही, एफ, जे, डी, सी, एफ, एल, आर. निर्मिती. "झालं," मी म्हणायची, आणि तो पुढचं पान सांगायचा.